पणाचें गणित

महाभारताच्या वनपर्वांत नलराजाची कथा आलेली आहे. द्यूतांत सर्वस्व गमावून वनांत आलेल्या युधिष्ठिराला ती बृहदश्व ऋषींनीं सांगितली. राज्य हरलेला नल बाहुक या नांवानें अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथ्य करीत असतो. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे नुसती दृष्टि टाकून त्याचीं पानें व फळें किती तें सांगतो. नल रथ थांबवून फळें मोजतो, तों संख्या तंतोतंत जुळते. मग अश्वविद्येच्या मोबदल्यांत तो ऋतुपर्णापासून अक्षहृदय, म्हणजे फांशांचें मर्म, शिकून घेतो. आणि पुढें पुष्कराला एकाच पणांत हरवून गेलेलें राज्य परत मिळवितो. त्या काळीं बेहड्याचीं फळेंच फांसे म्हणून वापरीत. ज्याला झाडावरचीं फळें मोजतां येतात त्यालाच फांसेहि कळतात, ही या कथेंतील खूण मोठी अर्थपूर्ण आहे. जुगार आणि गणित यांचें नातें आपल्या पूर्वजांच्या ध्यानांत आलें होतें. परंतु त्या नात्याचें रीतसर शास्त्र बनावयास फार मोठा काळ जावा लागला, आणि तें बनलें तें दूर युरोपांत व अमेरिकेंत.

त्या शास्त्राचें अगदीं अलीकडचें रूप पाहावयाचें असेल तर इंटरनेटवर खेळल्या जाणाऱ्या पोकर नांवाच्या पत्त्यांच्या खेळाकडे पाहावें लागतें. खेळ दिसावयास सोपा आहे. प्रत्येक गड्याला दोन पानें पालथीं मिळतात. मग मेजावर सर्वांसाठीं सामाईक अशीं प्रथम तीन, नंतर एक व शेवटीं आणखी एक, अशीं पांच पानें उघडीं मांडलीं जातात. या सात पानांतून ज्याचीं पांच पानें सर्वांत वरचढ त्याची जीत. पानें मांडण्याच्या प्रत्येक टप्प्यावर पैशाची बोली होते. गड्यापुढें तीनच मार्ग असतात : पानें टाकून द्यावीं, समोरच्यानें लावलेल्या रकमेची बरोबरी करावी, किंवा ती रक्कम चढवावी. ज्या प्रकारांत चढविण्याला मर्यादा नाहीं, म्हणजे पुढ्यांतील सर्व पैसा एकदम लावतां येतो, त्याला अमर्याद पणाचा खेळ म्हणतात. त्यांतहि दोन जाति आहेत. स्पर्धेच्या खेळांत प्रवेशाची फी एकदां भरली कीं पुढचा व्यवहार नुसत्या सोंगट्यांचा. रोखीच्या खेळांत मात्र मेजावरची प्रत्येक सोंगटी म्हणजे नगद पैसा. हवें तेव्हां बसावें, हवें तेव्हां उठावें. किती लावावें, केव्हां लावावें आणि केव्हां सोडावें, हा प्रश्न या रोखीच्या खेळांत जितक्या उघड्या स्वरूपांत उभा राहतो तितका दुसरीकडे क्वचितच राहात असेल.

या प्रश्नाचा इतिहास इटलींतील जेरोलामो कार्दानो याच्यापासून सुरू होतो. हा सोळाव्या शतकांतला वैद्य व गणिती; त्याला स्वतःला जुगाराचें मोठें व्यसन होतें, आणि फांशांच्या खेळावर त्यानें लिहिलेला ग्रंथ त्याच्या मरणानंतर सुमारें नव्वद वर्षांनीं, १६६३ सालीं, छापला गेला. तोंपर्यंत फ्रान्समध्यें निराळाच पराक्रम घडून आला होता. १६५४ सालीं शव्हालिए द मेरे या सरदारानें विचारलेल्या कोड्यांवरून ब्लेझ पास्कल व पिएर द फेर्मा या दोघां थोर गणितज्ञांत पत्रव्यवहार झाला. कोडें असें : दोघे तुल्यबळ गडी प्रत्येकीं ३२ मोहरा लावून बसले आहेत, जो प्रथम तीन डाव जिंकेल त्याला सर्व ६४ मोहरा मिळावयाच्या. एकानें दोन व दुसऱ्यानें एक डाव जिंकला असतां खेळ मध्येंच थांबवावा लागला, तर वांटणी कशी करावी ? पास्कलनें उत्तर दिलें कीं, पुढचा डाव पहिल्यानें जिंकला तर त्याला ६४ मिळतील, हरला तर दोघे बरोबरींत येऊन त्याला ३२ मिळतील. म्हणजे ३२ मोहरा कांहीं झालें तरी त्याच्याच. उरलेल्या ३२ विषयीं शक्यता सारखी, म्हणून त्यांतल्या १६ त्याच्या. एकाला ४८, दुसऱ्याला १६.

या लहानशा हिशेबांत एक मोठा विचार दडलेला होता. जें अद्याप घडलेलेंच नाहीं त्याचीहि आज किंमत ठरवितां येते, हा तो विचार. तीन वर्षांनीं, १६५७ सालीं, हॉलंडांतील ख्रिस्तियान हायगेन्स यानें या विषयावर पहिलें छापील पुस्तक काढलें, आणि 'अपेक्षित मूल्य' ही कल्पना विद्वानांच्या हातीं आली. विम्याचे हप्ते, आयुर्मानाचीं कोष्टकें आणि पुढें सारें संख्याशास्त्र याच बीजांतून वाढलें.

पोकरच्या मेजावर हें अपेक्षित मूल्य कसें उपयोगी पडतें तें श्रोत्यांनीं एका उदाहरणावरून पाहावें. मेजावर १०० रुपयांची रास आहे. एका गड्याच्या हातीं दोन बदामाचीं पानें, मेजावरच्या चार पानांत आणखी दोन बदामाचीं. एक बदाम आला कीं पांच पुरे होऊन तो जिंकतो. समोरच्यानें ५० रुपये लावले. न दिसलेलीं पानें ४६. त्यांत बदामाचीं ९. म्हणजे जिंकण्याचा संभव शेंकडा वीसहूनहि किंचित् कमी. इकडे १५० रुपये मिळविण्यासाठीं ५० रुपये घालावयाचे, म्हणजे चार वेळांतून एकदां तरी जिंकलें पाहिजे; शेंकडा पंचवीस संभव हवा. तेव्हां नुसत्या राशीकडे पाहिलें तर पानें टाकून देणें शहाणपणाचें. परंतु खेळ अमर्याद पणाचा आहे. बदाम आलाच तर समोरच्याकडून पुढच्या बोलींत आणखी कांहीं काढतां येईल. तें 'आणखी कांहीं' सरासरीनें ५६ रुपयांच्या वर असेल तर पन्नास रुपये घालणें फायद्याचें, नाहींतर तोट्याचें. एवढा हिशेब त्रैराशिक आलेल्या कोणत्याहि मुलाला करतां येईल. तरीहि जगांतील पुष्कळ पैसा हा हिशेब न केल्यामुळें एका खिशांतून दुसऱ्या खिशांत जात आलेला आहे.

पण येथें एक अडचण उभी राहते. फांशाला मन नसतें; समोरच्या गड्याला असतें. पास्कलचें गणित फांशाला पुरें पडलें, पोकरला अपुरें पडलें. पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला जन्मला आणि मिसिसिपी नदींत चालणाऱ्या आगबोटींवरून देशभर पसरला. आरंभीं तो वीसच पानांवर खेळत, पुढें बावन्न पानें आलीं. या खेळाचा प्राण म्हणजे हूल. हातीं कांहीं नसतां मोठी रक्कम लावावयाची आणि समोरच्याकडून चांगलीं पानें टाकवून घ्यावयाचीं. मग समोरचा खरोखरच बळकट आहे कीं हूल देत आहे, हें कसें ओळखावें ? जुने खेळाडू सांगत कीं चेहरा पाहावा, हात कांपतो काय तें पाहावें, श्वास पाहावा. हें सामुद्रिक झालें, शास्त्र नव्हे.

या सामुद्रिकाचें शास्त्र करण्याचा पहिला प्रयत्न फ्रेंच गणिती एमिल बोरेल यानें केला. १९२१ पासून त्यानें खेळांतील डावपेंचांवर लेख लिहिले आणि १९३८ सालच्या ग्रंथांत पोकरचा एक सोपा नमुना सोडवून दाखविला. परंतु या क्षेत्रांतलें मुख्य नांव म्हणजे जॉन फॉन न्यूमन. बुडापेस्ट येथें १९०३ सालीं जन्मलेल्या या अलौकिक बुद्धीच्या मनुष्यानें १९२८ सालीं सिद्ध केलें कीं, दोघांच्या ज्या खेळांत एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा असतो, त्यांत प्रत्येकाला एक निर्भय मार्ग असतोच. समोरच्यानें कांहींहि केलें तरी त्या मार्गानें जाणाऱ्याचें ठराविक मर्यादेपलीकडे नुकसान होत नाहीं. पुढें ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर त्यानें १९४४ सालीं प्रिन्स्टन येथून प्रसिद्ध केलेल्या मोठ्या ग्रंथांत पोकरवर एक सबंध प्रकरणच आहे.

त्या प्रकरणाचा निष्कर्ष त्या वेळच्या लोकांना चमत्कारिक वाटला असला पाहिजे. हूल ही दुष्ट किंवा धाडसी माणसाची खोड नसून तें बिनचूक हिशेबाचें अपरिहार्य अंग आहे, असें त्यांत दाखविलें होतें. जो गडी चांगल्या पानांवरच पैसा लावतो त्याचें गुपित सर्वांना कळतें. त्यानें रक्कम लावली कीं बाकीचे पानें टाकतात आणि त्याच्या एक्क्यांचें मोल त्याला मिळत नाहीं. म्हणून त्यानें कधीं कधीं हलक्या पानांवरहि लावलें पाहिजे. आणि हूल द्यावी ती मध्यम पानांवर नव्हे, तर अगदीं टाकाऊ पानांवर; कारण मध्यम पानें मुकाट्यानें उघडीं केलीं तरी कधीं कधीं जिंकतात, टाकाऊ पानांना मात्र हूल हाच एक आधार.

मग हूल द्यावी तरी किती वेळां ? याचेंहि उत्तर आंकड्यांत देतां येतें. शेवटचें पान उघडलें आहे, मेजावर १०० रुपये आहेत आणि एकानें १०० रुपये लावले. समोरच्यानें बरोबरी केली तर तो २०० मिळविण्यासाठीं १०० घालतो. अशा तीन प्रसंगांपैकीं दोन प्रसंगीं पहिल्याजवळ खरीं बळकट पानें असलीं आणि एका प्रसंगीं हूल असली, तर बरोबरी करणारा एकदां २०० मिळवितो व दोनदां शंभर-शंभर गमावतो, जमाखर्च शून्य. याहून हूल अधिक दिली तर समोरचा प्रत्येक वेळीं बरोबरी करून फायदा काढील. कमी दिली तर प्रत्येक वेळीं पानें टाकून स्वतःला वांचवील. रक्कम जर राशीच्या निम्मी असेल तर तिनास एक हें प्रमाण. उलट बाजूनें, राशीएवढी रक्कम समोर आली असतां जो निम्म्याहून अधिक वेळां पानें टाकतो त्याला वाटेल तो गडी डोळे मिटून लुटूं शकतो. कारण शंभर घालून शंभर उचलण्याचा तो व्यवहार निम्म्याहून अधिक वेळां साधतो. तेव्हां रकमेचा आंकडा हीच या खेळांतील भाषा आहे. लहान रक्कम एक बोलते, मोठी दुसरें. आणि दोन्ही खऱ्याइतकें खोटेंहि प्रमाणशीर बोलतात.

१९५० सालीं प्रिन्स्टनच्याच परिसरांतल्या दोघां तरुणांनीं हें काम पुढें नेलें. हॅरोल्ड कून यानें तीनच पानांचा एक चिमुकला पोकर पुरा सोडविला. जॉन नॅश यानें समतोलाची कल्पना अनेक गड्यांच्या खेळांना लावली. त्याच्या प्रबंधांतहि तिघांच्या पोकरचें उदाहरण होतें. त्याच कल्पनेसाठीं पुढें १९९४ सालीं त्याला अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. जुगाऱ्यांच्या मेजावरचें कोडें राष्ट्रांच्या तहांना आणि व्यापाराच्या लिलावांना लागूं पडलें.

येथपर्यंत एका डावाचा विचार झाला. परंतु मनुष्य एक डाव खेळून उठत नाहीं, आणि त्याची थैली अथांग नसते. १७३८ सालीं दानिएल बेर्नुली यानें दाखविलें होतें कीं शंभर रुपयांची किंमत सर्वांना सारखी नसते. श्रीमंताला ती थोडी, गरिबाला फार. १९५६ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतील जॉन केली यानें त्याच धाग्यावरून एक सूत्र काढलें. आपली बाजू थोडी सरस असली तरी थैलींतला कांहीं ठराविक अंशच पणाला लावावा. त्याहून फार अधिक लावणारा, प्रत्येक पण फायद्याचा असूनहि, शेवटीं बुडतो. सज्ञान खेळाडू एका मेजावर थैलीचा लहानसा भागच घेऊन बसतात, त्याचें कारण हें.

विद्यापीठांत हा विचार चालू असतां टेक्सासमधील खेळाडू अनुभवाच्या शाळेंत शिकत होते. आज सर्वत्र खेळला जाणारा दोन पानांचा प्रकार त्यांच्याच प्रांतांतला. १९७० सालीं लास व्हेगास येथें बेनी बिनियन याच्या जुगारगृहांत त्याची जागतिक म्हणून स्पर्धा सुरू झाली. १९७६ व १९७७ अशीं लागोपाठ दोन वर्षें ती जिंकणाऱ्या डॉइल ब्रन्सन यानें १९७८ सालीं आपलें ज्ञान पुस्तकांत उघड केलें. अमर्याद पणाच्या खेळांत बरोबरी करीत बसण्यापेक्षां स्वतः लावीत जाणें बरें, कारण लावणाऱ्याला जिंकण्याचे दोन मार्ग असतात. एक चांगलीं पानें, दुसरा समोरच्याची माघार. हें त्याच्या शिकवणुकीचें सार. १९८७ सालीं डेव्हिड स्क्लान्स्की याचें पोकरच्या सिद्धांतावरचें पुस्तक निघालें. समोरच्याचीं पानें दिसलीं असतीं तर गड्यानें जें केलें असतें त्याहून तो निराळें करतो तेव्हां त्याचा तोटा होतो, हें त्याचें मुख्य सूत्र होतें.

१९९८ सालच्या आरंभीं इंटरनेटवर खऱ्या पैशाचा पोकर सुरू झाला आणि खेळाचें रूपच पालटलें. चेहरा गेला, कांपणारा हात गेला, श्वास गेला. उरला तो केवळ रकमांचा आणि वेळेचा हिशेब. प्रत्यक्ष मेजावर तासाला पंचवीस-तीस डाव होत. संगणकावर एका मेजावर साठ-सत्तर, आणि एकच मनुष्य चार-सहा मेजांवर एकदम बसूं लागला. २००३ सालीं टेनेसीमधील एक हिशेबनीस, ख्रिस मनीमेकर, शंभर डॉलरांहूनहि कमी रक्कम भरून इंटरनेटवरील पात्रतास्पर्धेंत उतरला, तेथून लास व्हेगासला पोंचला आणि पंचवीस लक्ष डॉलरांचें पहिलें बक्षीस घेऊन परतला. त्या बातमीनें लक्षावधि तरुण या खेळाकडे धांवले. जो एका हिशेबनिसाला जमलें तें आपल्यालाहि जमेल, असें प्रत्येकाला वाटूं लागलें. ८३९ जणांच्या त्या स्पर्धेंत ८३८ जण जिंकले नव्हते, हें कोणी मोजलें नाहीं.

संगणकावर प्रत्येक डावाची नोंद राहते. त्या नोंदींवरून समोरचा गडी शंभरांत किती वेळां पैसे घालतो, किती वेळां चढवितो, किती वेळां माघार घेतो, हें दाखविणारीं साधनें निघालीं. पूर्वींचा जुगारी चेहरे लक्षांत ठेवी. नवा जुगारी टक्केवारी वाचूं लागला. अमेरिकेनें २००६ सालीं अशा खेळांच्या पैशाच्या देवघेवीवर निर्बंध घातले आणि १५ एप्रिल २०११ रोजीं तेथील न्यायखात्यानें मोठ्या कंपन्यांचीं संकेतस्थळें जप्त केलीं. खेळ मात्र इतर देशांत चालूच राहिला.

दरम्यान कॅनडांतील अल्बर्टा विद्यापीठांत व अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत विद्वान मंडळी यंत्राला हा खेळ शिकवीत होती. त्यांची रीति समजण्यासारखी आहे. यंत्र स्वतःशींच कोट्यवधि डाव खेळतें, प्रत्येक डावानंतर 'येथें दुसरें कांहीं केलें असतें तर किती बरें झालें असतें' याचा पश्चात्ताप आंकड्यांत नोंदवितें आणि पुढच्या वेळीं तो पश्चात्ताप कमी होईल असें वागतें. या रीतीनें २०१५ सालीं अल्बर्टाच्या मंडळींनीं दोघांतील मर्यादित पणाचा खेळ जवळजवळ संपूर्ण सोडविला. मनुष्यानें जन्मभर खेळून पाहिलें तरी त्या यंत्रावर निश्चित सरशी सिद्ध करतां येणार नाहीं. अमर्याद पणाचा खेळ मात्र फार विशाल. त्यांतील निर्णयस्थानांची संख्या एकावर १६० शून्यें मांडावीं इतकी मोठी सांगतात.

तरीहि तो किल्लाहि पडला. २०१७ च्या जानेवारींत पिट्सबर्ग येथें कार्नेगी मेलनचे टुओमास सँडहोम व नोम ब्राउन यांनीं बनविलेलें लिब्रेटस नांवाचें यंत्र चार कसलेल्या खेळाडूंशीं वीस दिवस खेळलें. एकूण १,२०,००० डाव झाले. दिवसा ते चौघे नवनव्या विचित्र रकमा लावून यंत्राचीं भोकें शोधीत. रात्रीं यंत्र स्वतःच तीं भोकें बुजवी. शेवटीं यंत्राकडे १७,६६,२५० डॉलरांच्या सोंगट्या अधिक झाल्या. त्यानें माणसांना एक नवा धडाहि दिला : राशीच्या कित्येक पट रक्कम लावणें हें अडाणीपणाचें मानलें जाई, तें योग्य ठिकाणीं अगदीं बरोबर असतें. २०१९ सालीं त्यांच्याच प्लुरिबस या यंत्रानें सहा जणांच्या मेजावर पांच व्यावसायिक खेळाडूंना दहा हजार डावांत मागें टाकलें. तें शिकविण्यास लागलेल्या संगणकाचें भाडें १५० डॉलरांहूनहि कमी होतें.

नलाला अक्षहृदय मिळविण्यासाठीं सारथ्य करावें लागलें. आज अशा प्रकारची विद्या विकत मिळते. २०१५ च्या सुमारास डाव सोडवून दाखविणारीं साधनें बाजारांत आलीं, आणि कोणत्या पानावर राशीच्या किती हिश्श्याएवढी रक्कम किती वेळां लावावी याचीं कोष्टकें तरुण मुलें पाढ्यांप्रमाणें पाठ करूं लागलीं. परंतु सर्वांच्याच हातीं तेंच मर्म आलें तर फायदा कोणाचा ?

या प्रश्नाचें उत्तर एका शब्दांत आहे, आणि तो शब्द आपल्याकडील जुगाराच्या अड्ड्यांवर फार जुना आहे : नाल. मेज चालविणारा प्रत्येक राशींतून आपला हिस्सा काढून घेतो. समजा, सहा अगदीं तुल्यबळ गडी प्रत्येकीं हजार रुपये घेऊन बसले, नाल सरासरीनें डावाला पांच रुपये पडली आणि तासाला साठ डाव झाले. वीस तासांत बाराशें डाव होतील आणि सहाहि जणांचे सहा हजार रुपये मेजवाल्याकडे गेलेले असतील. त्यांच्यापैकीं कोणीहि एकहि चूक केलेली नसेल. म्हणून या खेळांत जिंकावयाचें तर मेजावर आपल्याहून पुष्कळ अडाणी मनुष्य असावा लागतो. इतका अडाणी कीं त्याच्या चुकांतून नालहि भागेल आणि वर कांहीं उरेल. प्रत्येक नफ्याच्या मागें कोणत्या तरी घरांतली एक वजाबाकी असते.

आणि अडाण्याला आपण अडाणी आहों हें कळतहि नाहीं. एखादा खरोखर चांगला खेळाडू शंभर डावांमागें सरासरीनें मूळ बोलीच्या पांचपट मिळवितो असें धरलें आणि शंभर डावांतील चढउतार नव्वदपट धरला, तर दहा हजार डावांनंतरहि दहांतून सुमारें तीन वेळां तो तोट्यांत असतो. एका मेजावर रोज तीन तास खेळलें तरी दहा हजार डाव व्हावयास जवळजवळ दोन महिने लागतात. जर चांगल्याला दोन महिने आपलें चांगलेपण दिसत नाहीं, तर वाईटालाहि दोन महिने आपलें वाईटपण दिसत नाहीं. दैवानें दिलेल्या चार राशी तो स्वतःच्या बुद्धीच्या खातीं जमा करतो आणि गेलेल्या दहा दैवाच्या नांवें टाकतो.

आपल्या देशांतील न्यायालयांपुढें हाच प्रश्न दुसऱ्या वेषांत आला : हा खेळ कौशल्याचा कीं दैवाचा ? १८६७ च्या जुगाराच्या कायद्यानें व १८८७ च्या मुंबईच्या कायद्यानें केवळ कौशल्याचे खेळ वगळले होते. १९५७ सालीं, मुंबई राज्याच्या बक्षिसी कोड्यांवरील कायद्यावरून उठलेल्या वादांत, सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं ज्या स्पर्धेंत यश मोठ्या प्रमाणावर कौशल्यावर अवलंबून असतें ती जुगार नव्हे. त्यानंतर सुमारें दहा वर्षांनीं त्याच न्यायालयानें रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला. मात्र क्लबचा चालक पैशाच्या खेळांतून नफा काढीत असेल तर गोष्ट निराळी, असेंहि बजावलें. न्यायमूर्तींची दृष्टि नालेवर बरोबर गेली होती. पोकरविषयीं मतें एक झालीं नाहींत. २०१७ सालीं गुजरातच्या उच्च न्यायालयानें तो जुगारच ठरविला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला, २२ ऑगस्ट रोजीं त्याला राष्ट्रपतींची संमति मिळाली, आणि पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ चालविणें, मग ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, गुन्हा ठरलें. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड अशी शिक्षा त्यांत आहे; खेळणारास शिक्षा नाहीं.

कौशल्य कीं दैव, या वादाचा निकाल इतिहासानें मजेनें लावला आहे. एका डावांत सारें दैव. दहा लक्ष डावांत सारें कौशल्य. परंतु या दोन टोंकांच्या मध्यें माणसाची थैली, त्याची झोंप आणि त्याचें घर असतें. यंत्राला थैली नाहीं, झोंप नाहीं, घर नाहीं. म्हणून यंत्राला बिनचूक खेळतां येतें. मनुष्य हरल्यावर चिडतो, गेलेलें परत मिळवावें म्हणून मोठी रक्कम लावतो, आणि जें गणित त्याला दुपारीं पाठ होतें तें मध्यरात्रीं आठवत नाहीं. किती लावावें याचें उत्तर साडेतीनशें वर्षांच्या खटपटीनें मिळालें. केव्हां उठावें याचें उत्तर कोणत्याहि कोष्टकांत नाहीं. कारण तें पानांवर अवलंबून नसतें.

नलानें एक पण लावला, राज्य घेतलें आणि तो उठला. युधिष्ठिराला तर एकदां हरलेलें सर्व कांहीं धृतराष्ट्रानें परत दिलें होतें. तो इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागलाहि होता. बोलावणें आलें तेव्हां तो पुन्हा जाऊन बसला. नलाची कथा संपवितांना बृहदश्वानें युधिष्ठिरालाहि अक्षहृदय दिलें, असें वनपर्व सांगतें. पुढें अज्ञातवासांत कंक हें नांव घेऊन तो विराटाच्या सभेंत फांसे खेळला, तो पोटासाठीं, परक्याचा सेवक म्हणून. स्वतःच्या राज्यासाठीं मात्र ती विद्या हातीं असतांना त्यानें पुन्हा फांसे उचलले नाहींत.